सिस्टर नोरांचा शिवणाचा तास

"मग कंटाळा येऊ नये म्हणून करायचं तरी काय, बाई?"

शलाकाने हे तिसऱ्यांदा विचारलं. पडद्यावर रूथबाई भिंगारदिवे गोधडी शिवत होत्या.

रूथबाईंनी उमेदीची तीस वर्षं आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, एका लहानशा इस्पितळात नर्स म्हणून काढली होती. तिथल्या म्हाताऱ्यांच्या उशाशी बसून त्यांनी आयरिश भाषा उचलली. आता नगरला परतून दर शनिवारी दुपारी त्या ती ऑनलाइन शिकवायच्या. शिकवायच्या कसल्या, शिवत बसायच्या! इकडे चिंचवडला शलाका बडबडत राहायची आणि तिकडे सुई खाली-वर होत राहायची. आठ महिने हेच.

"ॲपवर सलग दोनशे तेरा दिवस झालेत माझे. रोज वीस वाक्यं. घोडा सफरचंद खातो. मुलगी दूध पिते. ॲप टाळ्या वाजवतं आणि मला झोप येते."

"मग झोप की."

"बाई!"

"दुपारच आहे. झोप."

शलाकाचं डोकं सणकलं. या म्हाताऱ्या माणसांना एक उत्तर सरळ देता येत नाही!

"उद्या रविवार आहे, बाई. उद्या सिस्टर नोरांना फोन लावायचाय."

सिस्टर नोरा म्हणजे तिच्या कॉन्व्हेंट शाळेच्या मोठ्या बाई. चाळीस वर्षं इथे काढून मायदेशी, आयर्लंडला परतलेल्या, आता तिथल्या वृद्धाश्रमात. विसरत चालल्या होत्या. आधी मराठी गेली, मग इंग्रजी. लहानपणीची आयरिश तेवढी राहिली होती. तीही किती दिवस राहील सांगता येत नाही, असं तिथल्या नर्सने कळवलं होतं.

"मागच्या रविवारी व्हिडिओवर सगळी वाक्यं म्हणून दाखवली त्यांना. एक चूक नाही. त्यांनी ऐकलं... आणि खिडकीकडे तोंड फिरवलं." शलाकाचा आवाज चढला. "उद्याही तसंच झालं ना, तर सोडून देणार मी हे सगळं."

...

सुई वर आली. खाली गेली.

"निदान माझ्याकडे बघा तरी! मी इथे जीव तोडून बोलतेय आणि तुम्ही शिवताय!"

सुई थांबली.

"दिसलं तुला?"

"काय?"

"मी शिवतेय ते."

"आठ महिने दुसरं काय बघतेय मी?"

"आठ महिने. आणि त्यावर एक शब्द नाही."

"त्यावर काय बोलायचं?"

"तिकडे कुणी काम करताना दिसलं, की आधी त्याच्या कामाला आशीर्वाद देतात. नांगर धरलेला असो, नाहीतर भांडी घासणारी. बाकीचं बोलणं मग." रूथबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "बाल ओ यीआ एर अन ओबर. देव तुझ्या कामाला बरकत देवो."

शलाका पडद्याजवळ सरकली.

"...पुन्हा म्हणा, बाई."

रूथबाई पुन्हा म्हणाल्या.

शाळेतला शिवणाचा तास. लाल फरशी, बिस्किटांच्या डब्यातली रिळं, खिडकीतून येणारा कडुनिंबाच्या मोहराचा वास. सिस्टर बाकांमधून फिरायच्या. प्रत्येकीच्या सुईपाशी थांबून हेच पुटपुटायच्या. टाका सरळ असो की वेडावाकडा, हेच. मुलींना वाटायचं, शिव्या घालताहेत. शलाका तर मधल्या सुट्टीत हुबेहूब नक्कल करायची. पाठ वाकवून, याच सुरात. सगळ्या पोट धरधरून हसायच्या.

"याला उत्तर काय द्यायचं असतं?"

"गो मा हे डुट. तुलाही तसंच होवो."

"आम्ही कधीच..." शलाकाने बोटांवर मोजलं. "पाच वर्षं, बाई. चाळीस मुली. एकीनेही नाही दिलं."

सुई पुन्हा खाली-वर होऊ लागली.

शलाकाने ते उत्तर हळूच म्हणून बघितलं. चुकलं. पुन्हा म्हटलं. टाळ्या वाजल्या नाहीत. तिला झोपही आली नाही.

"पण उद्या सुरुवात कशी करू, बाई? त्यांना मी ओळखूसुद्धा येत नाही."

रूथबाईंनी दोरा दातांनी तोडला. गोधडी गुडघ्यांवर नीट केली.

"घरात सुई आहे का गं?"