तान्ह्याचा कौल

दमलात ना चढून? बसा या कट्ट्यावर. वर येणारा प्रत्येक पाहुणा हेच विचारतो, खाली नदीकाठी एवढी सपाट जागा पडलेली असताना तांबटांनी कारखाने या उघड्या माळावर का थाटले? अहो, पाणीसुद्धा वर वाहून आणावं लागतं. आमचे लोक काही खुळे नव्हते.

फार पूर्वी म्हातारा गणोजी तांबट बिऱ्हाड घेऊन इथे आला, असं सांगतात. जागा त्यानं नदीकाठचीच धरली होती. पाणी हाताशी, कोळशाला रान जवळ, गाडीवाट दारात. ऐरणी रोवल्या, हंडे-घागरी घडू लागल्या.

शेजारी नावाड्याची झोपडी. त्याची बायको येसू बाळंतीण होती. आधीची मुलं जगली नव्हती आणि हे तर दिवस भरण्याआधीच आलेलं. हातोडा पडला की बाळ दचकायचं, तोंडातलं दूध सोडायचं. सुकत चाललं होतं बिचारं. येसूनं गाऱ्हाणं घातलं तर गणोजी हसला म्हणे. त्याला पटावं तरी कसं? तांबटांची पोरं ऐरणीशेजारीच झोपतात, ठोके थांबले की उठून रडतात. शिवाय त्याचे स्वतःचे कान कधीच बधिर झाले होते.

येसू भांडली नाही. तिनं बाळ आणून त्याच्या मांडीवर ठेवलं. मागे हातोडा पडला. गणोजीला आवाज धड ऐकू आला नाही, पण तळव्याखाली तो इवला जीव थरथरला. पुन्हा ठोका, पुन्हा तेच. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

“पोरी, मला कळलंच नाही गं,” एवढंच तो म्हणाला.

मग त्याचा मुलगा हंडा ठोकत माळ चढू लागला आणि गणोजी झोपडीत बाळाला घेऊन बसला. ज्या ठोक्याला बाळ निजून राहिलं, त्या ठोक्याला नावाड्यानं खालून हात हलवला. तीच ही जागा. घरची माणसं पाण्यासाठी कुरकुरली, पण गणोजीनं ऐकलं नाही. बाळ जगलं.

आजही इथे नवा कारखाना काढायचा तर मालकानं आधी जवळच्या घरातलं तान्हं मांडीवर घ्यायचं. ठोका दुसऱ्यानं घालायचा. बाळ दचकलं तर जागा सोडायची. गेल्या साली शहरातले एक कारखानदार खाली माझ्या घरामागची जागा बघायला आले. रीत ऐकून गालात हसले. मी माझी तान्ही नात त्यांच्या मांडीवर दिली. पहिल्याच ठोक्याला दचकून तिनं त्यांचं बोट घट्ट धरलं. ते बोट सोडवून घ्यायला काही धजेनात. दुसऱ्या हातानं त्यांनी शेजारी पसरलेला कारखान्याचा नकाशा गुंडाळला.