अठरावा खांब

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या राज्यात ती घडली त्याचं नावही आता कुणाला सांगता येत नाही.

त्या राज्याच्या राणीने तळ्याकाठी एक मंदिर बांधायला काढलं होतं. अठरा खांबांचं मंदिर. कुठल्या खांबावर किती वेली, वेलीला किती पानं, पानाला किती शिरा, सगळं म्हाताऱ्या स्थपतीने आखून दिलं होतं. पाथरवटांनी फक्त कोरायचं.

त्या पाथरवटांमध्ये खेमा नावाचा एक कारागीर होता. त्याची रेघ केसभरही चुकत नसे. शेजारीच जिवाजी काम करायचा. तो खेमापेक्षा वयाने लहान, आणि त्याची रेघ कधीकधी चुकायचीही. चुकली की तो हसायचा आणि त्या चुकीतूनच एखादी कळी काढायचा.

सतरा खांब पुरे झाले, तेव्हा राणी पाहायला आली. सगळं निरखून झाल्यावर ती स्थपतीला म्हणाली, "सगळं सुरेख आहे, पण सगळं तुमचंच आहे. अठराव्या खांबावर एका पाथरवटाला मोकळीक द्या. त्याच्या मनात येईल ते त्याने कोरावं. कोण कोरेल, ते तुम्हीच ठरवा."

खेमाने छाती पुढे काढली. एवढ्यात स्थपती म्हणाला, "जिवाजी, हा खांब तुझा."

खेमाला वाटलं, आपल्या कानांत कुणीतरी गरम तेल ओतलं.

त्या दिवसापासून त्याचं चित्त थाऱ्यावर राहीना. हात स्वतःच्या दगडावर आणि डोळे जिवाजीच्या खांबावर. जिवाजीने गेरूने खांबावर एक बाई रेखाटली होती. डोक्यावर पाटी, एक हात पाटीला, दुसरा हात तोंडावर. खेमा ते चित्र दिवसातून वीसदा पाहायचा. बाईच्या लुगड्याची घडी कुठे मोडते, कोपर कुठे वळतं, सगळं त्याला पाठ झालं. इतक्या बारकाईने त्याने कधी स्वतःच्या बायकोचा चेहराही पाहिला नव्हता.

घरी जेवताना बायको विचारायची, "भाकरी करपली का हो?"

"भाकरी ठीक आहे," तो म्हणायचा आणि ताट सरकवायचा. "पण वीस वर्षं मी एक रेघ चुकवली नाही. आणि मोकळीक कुणाला? चुकणाऱ्याला!"

एके सकाळी खांबावरून हात फिरवत जिवाजी खुशीत म्हणाला, "खेमादादा, आजवर इतके दगड फोडले, पण हा खांब माझा वाटतो बघ!"

खेमाने ते वाक्य उचललं, घरी नेलं आणि त्याला धार लावली. दुसऱ्या दिवशी तो राणीपुढे उभा राहिला.

"राणीसाहेब, लहान तोंडी मोठा घास होतोय. पण जिवाजी म्हणतो, मंदिर राणीचं असेल, खांब मात्र माझा. मोकळीक मिळाल्यापासून तो कुणालाच जुमानत नाही."

राणी तापट होती. तिने ना जिवाजीला विचारलं, ना स्थपतीला. तिने जिवाजीला पायऱ्यांवर कमळाच्या पाकळ्या कोरायला बसवलं. अठरावा खांब खेमाला मिळाला आणि जिवाजीची मोकळीकही.

खेमाने सर्वांत आधी पाणी मागवलं आणि गेरूचं चित्र खसाखसा धुऊन टाकलं. मग तो छिन्नी घेऊन खांबापुढे बसला.

बसला, तो बसूनच राहिला.

त्याला हत्ती सुचला. वाटलं, जिवाजीने यापेक्षा चांगला काढला असता. मोर सुचला. वाटलं, मोर पाहून जिवाजी हसेल. काहीही मनात आलं की आधी जिवाजी आठवायचा. आता त्याला आखून देणारं कुणी नव्हतं, अडवणारं कुणी नव्हतं, तरी त्याची छिन्नी उठेना.

आणि तिकडे पायऱ्यांवर जिवाजी कामाला लागला होता. पहिले दोन दिवस तो कुणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या तोंडून गुणगुण ऐकू आली. खेमाला राहवेना. तो उठून पायऱ्यांपाशी गेला.

"गाणं कसलं सुचतंय तुला? आखलेल्या पाकळ्या तर कोरतोस!"

जिवाजीने वर पाहिलं. "माप स्थपतीबाबांचं आहे, दादा. पण ऊन कुठल्या पाकळीवर थांबवायचं, ते मीच ठरवतो."

खेमा परत आला. त्याचा संताप संताप झाला. याच्याकडून सगळं काढून घेतलं, तरी याच्याजवळ काहीतरी उरलंच आहे! त्या रागात त्याने छिन्नी लावली, आणि हात आपोआप चालू लागला. डोक्यावर पाटी. एक हात पाटीला. दुसरा हात तोंडावर. जे चित्र त्याने धुऊन टाकलं होतं, तेच दगडातून वर येऊ लागलं. दुसरं काही त्याच्या मनात उरलंच नव्हतं.

महिन्याभराने राणी आली. खांबाभोवती एक फेरी मारून ती समोर थांबली.

"काम नाजूक आहे," ती म्हणाली. "ही कोण?"

खेमा छिन्नी उगाच पुसू लागला.

"तुझी आई? बहीण?"

"नाही, राणीसाहेब. एक... एक बाई आहे."

राणी जवळ गेली. "हिने तोंडावर हात धरलाय. ही हसते आहे की रडते आहे? डोळ्यांवरून काही कळत नाही."

खेमाने खांबाकडे पाहिलं. ते त्यालाही माहीत नव्हतं.

मागे उभ्या पाथरवटांत जिवाजी होता. त्याच्या तोंडून निघून गेलं, "हसते आहे." सगळे वळले, तेव्हा तो चाचरत म्हणाला, "ती माझी अक्का. आईमागे तिनेच मला वाढवलं, खाणीत दगड वाहून. तिचा पुढचा दात पडला होता. म्हणून हसताना ती तोंडावर हात धरायची."

खेमाने जिवाजीचंच चित्र कोरलं होतं आणि त्याची कागाळीही हेव्यापोटी केली होती, हे राणीला उमगलं. ती म्हणाली, "जिवाजी, मी तुला एका शब्दानेही विचारलं नाही. ती चूक माझी. खांब तू पुरा कर." आणि खेमाकडे वळून ती म्हणाली, "तुला मोकळीक हवी होती ना? आजपासून तुला कामावरून मोकळं केलं. जा, कुठेही जा."

खेमाने हत्यारांची पिशवी उचलली. मंदिराबाहेर चार दिशांना चार वाटा जात होत्या आणि त्याला कुणी अडवत नव्हतं. त्याला मात्र एकही पाऊल टाकवेना. संध्याकाळ व्हायच्या आत तो मागे फिरला आणि जिवाजीसमोर येऊन उभा राहिला.

"राणीसाहेबांच्या कानी मीच लागलो होतो," तो म्हणाला. "तुझं बोलणं मी वाकडं करून सांगितलं. तू माझ्यापेक्षा मोठा झालास, ते मला सोसलं नाही. अजूनही सोसत नाही. पण हे मनात ठेवून मला चालता येईना."

जिवाजीने हातातली छिन्नी खाली ठेवली. मग म्हणाला, "मला तुझा राग आलाय, दादा. उद्याही येईल. पण तू येऊन सांगितलंस, ते बरं केलंस."

एवढंच. त्याने खेमाला मिठी मारली नाही की जेवायला थांबवलं नाही. तरी तिथून निघताना, कित्येक दिवसांनी, खेमाला मोकळा श्वास घेता आला.

जिवाजीने खांब पुरा केला. डोळ्यांच्या कडांना त्याने छिन्नीचे मोजके टवके काढले आणि अक्का हसू लागली.

खेमा बायकोला घेऊन लांबच्या एका गावी गेला. तिथे तो गुरांना पाणी पिण्यासाठी दगडी डोणी घडवू लागला. एकदा एका डोणीच्या काठावर त्याने सहज एक खार कोरली. कुणी सांगितलं नव्हतं, आणि दुसऱ्या कुणी ती जास्त चांगली कोरली असती का, हेही त्याच्या मनात आलं नाही. खारीची शेपूट जरा वाकडी झाली. खेमा तिच्याकडे पाहून हसला आणि ती त्याने तशीच राहू दिली.

बोध: दुसऱ्याची मोकळीक हिसकावता येते, पण मनातला हेवा सुटल्याशिवाय माणूस मोकळा होत नाही.