संदेशवाचस्पतीची शेवटची अट

"संदेश पोचला, हे सिद्ध कर! पण तिकडून इकडे काहीही येता कामा नये. ना माणूस, ना पाखरू, ना उजेड, ना आवाज. काही म्हणजे काही नाही!"

मल्हारदेव महाराजांनी भर दरबारात मांडीवर थाप मारली. समोर उभी होती कल्हईवाल्याची मुलगी भिवरा. ‘संदेशवाचस्पती’ ही पदवी मिळवायला जे जे लागतं, ते सगळं उरकून ती आली होती. दोन वर्षं अभ्यास, मग जुन्या ग्रंथांची परीक्षा, मग तीन वर्षं स्वतःचं संशोधन आणि वर उशीएवढा जाडजूड प्रबंध! कल्हई केलेली परात उन्हात धरायची आणि लांब-आखूड चमकांनी दोन कोसांवर अक्षर न् अक्षर पोचवायचं, ही तिचीच युक्ती. आधी कुणालाही सुचली नव्हती.

आता उरली होती तोंडी परीक्षा. तीत नापास झालं की पाच वर्षं फुकट; पुन्हा बसायची सोय नाही! आणि राज्यात संदेशवाचस्पती होता एकच, खुद्द महाराज. तेही एकही परीक्षा न देता! या मानात वाटेकरी नको, म्हणून दर उमेदवाराला ते ऐन वेळी नवी अट घालत.

राजपंडित वामनशास्त्री गालातल्या गालात हसले. भिवरा मात्र पेचात पडली. तिकडून उत्तरच यायचं नाही, तर पोचल्याचं कळणार कसं? पण तिनं चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

"संदेश कुठं पाठवू, महाराज?"

"अंबातळ्याच्या चौकीवर."

"अंबातळ्याच्या?" भिवरानं क्षणभर विचार केला. "आणि संदेश कोणता?"

"तुला वाटेल तो!"

"मग उद्या महाराज स्नानाला बसतील, तेव्हा पाठवते. ऊन तेव्हा चांगलं असतं."

दुसऱ्या दिवशी भिवरा परात घेऊन राजवाड्याच्या गच्चीवर चढली. लबाडी होऊ नये म्हणून शास्त्रीबुवा धापा टाकत मागोमाग आले. भिवरानं परात उन्हात धरून भराभर हलवली आणि खुशाल मांडी घालून बसली.

"झालं?" शास्त्रीबुवांनी विचारलं.

"झालं."

"पुरावा कधी येणार?"

"येणार नाही, शास्त्रीबुवा. तशी अटच आहे ना!"

अर्धी घटका गेली असेल नसेल, तोच खालून आरोळी आली. "पाणी! अरे, पाणी कुठं गेलं?"

अंगाला पंचा, डोकंभर शिकेकाई, डोळे घट्ट मिटलेले, अशा थाटात महाराज चाचपडत अंगणात आले. न्हाणीघरातलं गोमुख कोरडं ठाक पडलं होतं.

"महाराज!" भिवरा कठड्यावरून ओरडली. "तुमच्या गोमुखाला पाणी येतं अंबातळ्यातून. तिथल्या चौकीदाराला, कोंडाजीला, माझ्या चमका वाचता येतात. मी कळवलं, ‘तळ्याची मोरी बंद कर.’ संदेश पोचला! आणि तिकडून काहीही येता कामा नये, अशी अट होती. बघा, पाणीसुद्धा येत नाही!"

"हा योगायोग आहे!" शास्त्रीबुवा गरजले.

"असेल की! मग बसू या वाट बघत, योगायोगानं पुन्हा कधी येतंय त्याची."

"वाट कसली बघता!" महाराज कळवळले. "शास्त्री, शिकेकाई तुमच्या डोळ्यांत गेलीय का? मुली, पाणी सोडायला सांग! आत्ताच्या आत्ता!"

"सांगितलं असतं, महाराज. पण पाणी आलं, की तिकडून काहीतरी आलं असं होईल. अट मोडेल आणि मी नापास होईन. परीक्षा चालू असताना मी पाणी कसं बरं आणू?"

महाराजांचं पोट हललं, खांदे हलले आणि ते असे खदाखदा हसत सुटले, की शिकेकाईचा फेस अंगणभर उडाला.

"उत्तीर्ण! परीक्षा संपली! शास्त्री, आधी लिहा आणि मग श्वास घ्या! आजपासून राज्यातल्या साऱ्या चौक्या संदेशवाचस्पती भिवराबाईंच्या हुकमतीत, आणि दर चौकीला एकेक नवी परात, तीही त्यांच्या वडिलांच्या हातची कल्हई केलेली! आता तरी सोडा हो बाई, पाणी!"