नमुन्याचा पंखा

एकदा उन्हाळ्याच्या तोंडावर एक कारखानदार आपला नवा पंखा घेऊन एका वृद्ध परीक्षकांकडे आला. कोणते यंत्र किती वीज घेते हे मोजायचे आणि त्याच्या लेबलावर एक ते पाच तारे ठरवायचे, हे त्या वृद्धांचे काम. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांच्या शिष्येचे लग्न होऊन चारच महिने झाले होते, आणि प्रमाणपत्रावरची तिची ही पहिलीच सही होती.

पंखा मखमलीत गुंडाळून आणला होता. शिष्येने तो टांगला, वीज मोजली, वारा मोजला. निर्विवाद पाच तारे. तिने पेन उघडले.

"थांब," गुरुजी म्हणाले. त्यांनी पाच ताऱ्यांचे एक लेबल काढले, स्वतःच्या हाताने त्या पंख्याला चिकटवले आणि पंखा परत दिला. "याला पाच तारे. अभिनंदन."

"आणि गोदामातले दहा हजार?"

"ते आम्ही कुठे पाहिलेत?"

"अहो, हा नमुना आहे! सगळ्यांच्या वतीने आलाय."

"आला नाही. तुम्ही निवडून आणलात."

कारखानदार शिष्येकडे वळला. "ताई, तुम्ही तरी सांगा. एक सही तर करायची. खरा नमुना तर हे गुरुजीच दिसतात!"

शिष्येने हसू कसेबसे आवरले. पण तिलाही कळेना. "गुरुजी, मोजमाप तर खरे आहे ना?"

"अगदी खरे. तुला बघायला आले होते, तेव्हा पोहे कोणी केले होते?"

"मावशीने," ती हळूच म्हणाली.

"चांगले झाले होते?"

"उत्तम. सासूबाई अजून आठवण काढतात. रोज."

"पोहे खोटे नव्हते. पण संसार काही त्या एका बशीवर होत नाही. लेबल म्हणजे या पंख्याचे कौतुक नव्हे. दुकानात तारे वाचून जो पंखा घरी नेईल, त्याला दिलेला तो शब्द आहे. त्याच्या वाट्याला जो पंखा येणार, तोच आपण मोजायला हवा."

शिष्येने पेनाला टोपण लावले. "गोदामाची किल्ली द्या."

"चला, चांगला खोका मीच काढून देतो."

"नको. मी काढते."

तिने थप्पीच्या तळातला खोका ओढून काढला. दोन तारे. कारखानदाराच्या आग्रहाखातर दुसऱ्या थप्पीतला काढला. दोनच. मग तिने दोन तारे लिहिले आणि खाली ठसठशीत सही केली.

"पहिलीच सही, आणि ती अशी?" कारखानदार कडवटपणे म्हणाला.

"पहिली आहे, म्हणूनच."

त्या संध्याकाळी तिने घरी पोहे केले. जरा कोरडे झाले. बशी पुढे ठेवत ती म्हणाली, "सासूबाई, त्या दिवशीचे मावशीने केले होते. हे माझे."

सासूबाईंनी एक घास खाल्ला, तिच्याकडे पाहिले, वर लिंबू पिळले आणि बशी संपवली.