खडकावरची चूल

नदीच्या पात्रात मधोमध तो काळा खडक दिसतो ना, त्यावर तीन दगड आहेत. ती चूल आहे. सहलीवाल्यांनी मांडलेली नाही. पुष्कळ जण तिथे चहा करायला जातात, म्हणून आधीच सांगतो.

आमच्या गावात नवाई, म्हणजे नव्या धान्याची पूजा, झाल्याशिवाय नवे धान्य खात नाहीत. आणि प्रत्येक घरातले सगळे हजर असल्याशिवाय नवाई होत नाही. एक माणूस कमी, तर गाव थांबते.

इंग्रजांच्या काळात पलीकडच्या काठावर एक गोरा पादरी आला. तापावर औषध द्यायचा, शाळाही काढली. वाईट नव्हता म्हणे. पण त्याचे सगळे तारखेवर चालायचे. एका रविवारी त्याने कापणीचा सण केला आणि नव्या ज्वारीच्या भाकरी वाढल्या. गावची नवाई अजून व्हायची होती. खाणाऱ्यांत आमच्या पुजाऱ्याचा, ठुमल्याचा, एकुलता मुलगा होता. डोंगऱ्या. पादऱ्याचा दुभाषी झाला होता. नवाईला घरी ये, असा निरोप गेला, तर म्हणाला, "मी खाल्ले. मला काही झाले नाही. आता कशाला येऊ?"

गाव अडले. जुने धान्य संपले होते. शेतात कणसे भरलेली आणि लोक कंद उकडून खात होते.

पादरी स्वतः समजवायला आला. "तुमचा देव एवढ्यावरून रुसतो?"

"देवाचे राहू दे," ठुमल्या म्हणाला. "माझे घर पुरे नाही, एक माणूस कमी आहे."

शेवटी बायकाच वैतागल्या. "उरक ना आता, बाबा. लेकरांनी किती दिवस कंद खायचे?"

तेव्हा ठुमल्याने आपल्या चुलीचे तीन दगड उपटले आणि या खडकावर आणून मांडले. म्हणाला, "आता माझे घर गावात नाही. तुम्ही सगळे पुरे आहात. खा."

गावाने खाल्ले. त्याने खाल्ले नाही, खडकावरच झोपडी घालून राहिला. डोंगऱ्या पलीकडून भाकरी आणायचा आणि तशीच परत न्यायचा, असे सांगतात. तिसऱ्या पावसाळ्यात म्हातारा पुरात गेला. झोपडी गेली, भांडी गेली. दगड हलले नाहीत म्हणे.

त्या वर्षी डोंगऱ्या नवे कणीस घेऊन आला आणि चुलीवर ठेवून उभा राहिला. गळ्यात क्रूस होता. काढ, असे कोणी म्हटले नाही. मग गाव जेवले.

आजही पहिला घास या चुलीवर ठेवतात, आणि पलीकडचे लोक आल्याशिवाय कोणी तोंड उष्टे करत नाही. ते दरवर्षी उशीर करतात. त्यांची प्रार्थनाच संपत नाही. ऊन डोक्यावर येते, भाकरी वाळतात. आम्ही शिव्या देतो आणि बसून राहतो.

तारीख विचारू नका. ते आले की नवाई.