तबकडीतून उठून गेलेली गिटार

फार वर्षांपूर्वी, गावात कर्णा आला होता पण रस्ता आला नव्हता त्या काळात, खाजणवाडीत बस्त्याव नावाचा एक माणूस होता. नाव नीट ऐकून ठेवा. त्याच्या उमेदीच्या सगळ्या वर्षांत ते कोणी घेणार नाही.

खाजणवाडी अगदी समुद्राला लागून. मासे, सुपारी आणि शेजारच्या घरातल्या बातम्या यांवर गाव जगत असे. बस्त्यावचा बाप होडी घेऊन गेला तो परत आला नाही. मागे राहिली आई, रोझूबाय. मुलगा निदान दुपारभर तरी पाण्यापासून लांब राहावा म्हणून तिने त्याला इगर्जीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, मास्तराकडे पाठवलं. मास्तराकडे एक गिटार होती. मास्तर वाजवायचा आणि बस्त्याव ऐकून तेच वाजवायचा. मग बस्त्याव वाजवू लागला आणि मास्तर ऐकू लागला. शेवटी मास्तराने गिटारच त्याला देऊन टाकली.

असं म्हणतात, की बस्त्याव पडवीत वाजवायला बसला की ओहोटीला निघालेलं पाणी वाटेत थबकायचं. कालवं काढायला आलेल्या बायका टोपल्या घेऊन ताटकळायच्या आणि किनाऱ्यावरून ओरडायच्या, "बस्त्याव, पुरे कर रे मेल्या, पाणी जाऊ दी."

पुढे तो बोटीने मुंबईला गेला आणि सिनेमाच्या गाण्यांत वाजवू लागला. ही गाणी कशी होत ते सांगायला हवं. एका बंद खोलीत खूप वाजवणारे आणि एक गाणारा. वाजवणाऱ्यांपैकी कोणाचं बोट चुकलं तर सगळे वळून त्याच्याकडे बघत. नाही चुकलं तर कोणीच बघत नसे. बस्त्याव चुकत नसे, त्यामुळे त्याच्याकडे बघण्याचं कारण कोणाला पडलं नाही. गाणं बाहेर गेलं की ते गाणाऱ्याचं होई. असं म्हणतात, की त्या काळात देशात जेवढी माणसं प्रेमात पडली त्यांतली निम्मी बस्त्यावच्या गिटारीने पडली आणि जन्मभर आभार मात्र गायकाचे मानत राहिली.

त्यातलंच एक गाणं फार गाजलं. नायक जहाजाच्या कठड्याशी बसलाय, मांडीवर गिटार आहे, आणि शब्द सुरू होण्याआधी बराच वेळ नुसती गिटार वाजते. ते वाजू लागलं की हातातलं काम टाकून माणसं उभी राहत. या गाण्याच्या तबकडीवर गायकाचं नाव होतं, संगीतकाराचं होतं, सिनेमाचं होतं, आणि मध्यभागी कंपनीचा एक हिरवा पोपट होता. पोपटाने त्या गाण्यात एकही सूर लावलेला नव्हता. सिनेमाच्या सुरुवातीला ज्याच्या बंगल्यात नायिका रडली त्या बंगलेवाल्याचे आभार होते. बस्त्याव कुठेच नव्हता.

तबकडी खाजणवाडीत आली ती जयवंत खोताच्या घरी. लोक ऐकायला जमले. रोझूबायने मुलाची गिटार ओळखली आणि म्हणाली, "ह्या माझ्या झिलान वाजवल्यान."

खोताने तबकडी उचलून उजेडात धरली. "रोझूबाय, हय पोपटाचा चित्र असा. तुझ्या झिलाचा नाव खय असा?"

"मगे पोपटान वाजवल्यान काय?" रोझूबाय म्हणाली.

लोक हसले. आपण रोझूबायला हसलो नाही, असं नंतर प्रत्येकाने सांगितलं. मग कोणाला हसलो, ते कोणी सांगितलं नाही. त्या दिवसापासून गावाला एक करमणूक मिळाली. रेडिओवर काहीही वाजलं, बातम्या लागल्या, कोणी खोकलं, तरी बाजारात तिला विचारायचं, "रोझूबाय, ह्यो पण तुझोच झील काय?" छापलेलं ते खरं आणि आई सांगते ते खोटं, हे शहाणपण खाजणवाडीला कोणी शिकवलं कोण जाणे, पण गाव त्यात फार हुशार निघालं. म्हातारी खोटं बोलते हे पंचक्रोशीत ठरून गेलं. तिची एकच इच्छा उरली. डोळे मिटण्याआधी गावाने एकदा म्हणावं, की ती गिटार बस्त्यावची.

केस पांढरे झाल्यावर बस्त्याव आईला सांभाळायला परत आला. तोवर तिची नजर गेली होती. तो पडवीत बसे, ती ऐके. गावाला यात काही विशेष वाटलं नाही.

मग वाचनालयाची इमारत झाली. उद्घाटनाला खोताने कोणाला बोलवावं? त्या जहाजावरच्या नायकाला. त्या नटाचं नाव तेव्हा शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणूनच ही गोष्ट सांगताना ते घेत नाहीत. पडद्यावर त्याची बोटं गिटारीवर तांदळातले खडे निवडावेत तशी फिरत. गावाने त्याचा सत्कार ठरवला, आणि तो उत्तम गिटारवादनाबद्दल. हसू नका. असे सत्कार अजूनही होतात.

सत्काराच्या दिवशी सकाळी खोत बस्त्यावच्या पडवीत आला.

"बस्त्याव, तुझी गिटार जरा दी. पावण्याक हातात धरूक होयी."

"वाजवतलो काय तो?"

"छे. वाजताली तबकडी. तो नुसतो धरतलो."

"आणि वाजवल्यान कोणी म्हणान सांगतलंस?"

"तेनाच," खोत म्हणाला. "सगळ्यांनी बघला हा."

बस्त्यावने गिटार आणून दिली. देताना त्याने तारांवरून हात फिरवला आणि हळूच काही सांगितलं. काय सांगितलं ते खोताला ऐकू आलं नाही. तारांना ऐकू आलं, असं म्हणतात.

दुपारी समुद्राकडच्या मैदानात गाव लोटलं. बस्त्याव आईचा हात धरून आला आणि दोघं पालथ्या घातलेल्या होडीवर मागे बसली. भाषणं झाली. नटाला शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. नटाने गिटार मांडीवर घेतली, केस मागे सारले, आणि कर्णेवाल्याने तबकडीवर सुई टेकवली.

तबकडीतून खरखर आली. गिटार आली नाही. नटाची बोटं फिरत होती, ओठांवर हसू होतं, आणि कर्ण्यातून नुसती खरखर. खोताने कर्णेवाल्याकडे असं बघितलं की त्याने सुई उचलून पुन्हा टेकवली. पुन्हा खरखरच. मग गायकाचा आवाज आला. पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी, तसा तो धडपडला. ढोलक आला, बासरी आली, सगळे आले. एक जागा तेवढी रिकामी होती, आणि त्या रिकाम्या जागेपायी सगळं गाणं बोळक्या तोंडासारखं दिसू लागलं.

मागे होडीवर रोझूबायने विचारलं, "बस्त्याव, तू थांबलंस?"

"होय माय."

"बरा केलंस."

असं म्हणतात, की त्याच वेळी देशभर हेच घडत होतं. रेडिओवर, हॉटेलांत, लग्नांच्या मांडवांत, जिथे जिथे बस्त्याव वाजत होता तिथून तो उठून गेला. कंपनीच्या गोदामातल्या तबकड्यासुद्धा मुक्या झाल्या. पोपट होता तिथेच होता.

खोत गर्दीतून वाट काढत मागे आला. "बस्त्याव, गावाची लाज जाता हा. चल बाबा, वाजव."

"गावाची जाता ती दिसता तुका," बस्त्याव आईचा हात धरून म्हणाला. "माझ्या आवशीची गेली तेवा तू हसी होतंस. कर्ण्यार जा आणि नाव घे."

खोत कर्ण्यापाशी गेला. त्याने खाकरून घेतलं आणि नाव घेतलं, पण इतक्या हळू की ते त्याच्या मिशीतच राहिलं.

"माका ऐकाक नाय येवक," रोझूबाय म्हणाली.

तेव्हा खोताने मोठ्याने सांगितलं, की या गाण्यातली गिटार रोझूबायच्या बस्त्यावने वाजवली आहे, आणि रोझूबाय पहिल्यापासून खरं सांगत होती. इतक्या मोठ्याने, की खोल पाण्यातल्या होड्यांवर कोळी उठून उभे राहिले, असं म्हणतात. खोताला वाटलं, सुटलो.

"आता बासरीवाल्याचा घे," बस्त्याव म्हणाला.

"काय नाव तेचा?"

बस्त्यावने सांगायला तोंड उघडलं, तेव्हा कळलं की नाव त्यालाही ठाऊक नाही.

"थय आमका नावान कोण हाक मारी नसत," तो म्हणाला. "गिटार, जरा हळू. बासरी, मागे सर. ढोलक, उद्या येव नको. मी पण तेका बासरीच म्हणी होतंय."

"इतकी वर्सा?"

"इतकी वर्सा. एका बाकार बसान जेवलाव आमी. नाव विचारूचा रवला."

असं म्हणतात, की गाव त्या दिवशी गप्प झालं ते यावर. मग बस्त्याव मंचावर गेला, गिटार घेतली आणि वाजवू लागला. तबकडीतलं गाणं त्याच्या मागून निघालं, आणि देशभरच्या मुक्या तबकड्या पुन्हा बोलू लागल्या. नट टाळ्या वाजवत होता. तेवढं मात्र त्याने स्वतः वाजवलं. पाणी ओहोटीला लागलं होतं ते थांबलं, आणि त्या दिवशी कोणी बाई ओरडली नाही.

रोझूबाय त्यानंतर पुष्कळ जगली आणि बाजारात मान वर करून फिरली. बस्त्याव कधी गेला याबद्दल एकमत नाही. काही म्हणतात तो गेलाच नाही, उठून दुसऱ्या कुठल्या गाण्यात जाऊन बसला.

आता तबकड्या गेल्या आणि गाणी मोबाइलवर आली. पण खाजणवाडीत लग्न असो, जत्रा असो, कर्ण्यावर गाणं लावण्याआधी एक माणूस उभा राहतो आणि सांगतो, "गिटार, बस्त्याव. बासरी, नाव विचारूचा रवला. ढोलक, नाव विचारूचा रवला." गाण्यात जी जी वाद्यं असतील ती सगळी तो अशीच म्हणतो, आणि तोवर कोणी बसत नाही. गायकाचं नाव सांगत नाहीत. संगीतकाराचं नाही, नटाचं तर नाहीच. बाहेरगावचा एखादा पाहुणा हमखास विचारतो, की पण हे गाणं म्हटलंय कोणी?

त्याला गावातलं कोणीही सांगतं, "ता छापलेला असा. थय वाच."