धवल्याची जागा

तळ्यांना मालक नव्हते, तेव्हाची गोष्ट. एका तळ्यावर बगळ्यांचा थवा राही. त्यातल्या धवल्याला एकच पाय होता. मासे धरायला उथळ पाण्यात त्याला कुणी जागा देत नसे. रोज एक उरलेला मासा त्याच्यापुढे टाकत आणि म्हणत, "बिचारा!"

एके सकाळी धवल्या म्हणाला, "काका, मासा नको. जागा द्या."

थव्याचे म्होरके काका पाण्यात दबा धरून होते. ते म्हणाले, "एका पायावर शिकार होते का, वेड्या?"

"तुम्ही आत्ता किती पायांवर उभे आहात?"

काकांनी पोटाशी घेतलेला दुसरा पाय घाईने खाली टाकला. पाणी डहुळलं, मासे पळाले. थव्याने हसत सरकून धवल्याला जागा दिली.

संध्याकाळी धवल्याने आपल्या शिकारीतला एक मासा काकांना दिला. "बिचारे" मात्र म्हटलं नाही.